पिस्टनखालचा दाब जुळत नाही? आधी उत्तर किती पटीने चुकलंय ते बघा

उभा सिलिंडर, आत वायू, वर ४० किलोचा मोकळा पिस्टन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०० मिमी, बाहेर हवेचा दाब १०० किलोपास्कल. आतला दाब किती? सूत्र सगळ्यांना पाठ असतं. तरी उत्तरं येतात ती ५०, १०५.१, ११२.५, १००.०५, कधी ३००. मग जो तो सूत्रच परत परत तपासत बसतो. सूत्रात काही चुकलेलं नसतंच, म्हणून तिथे काही सापडतही नाही.

मी उलटीकडून जातो. चुकलेलं उत्तर खोडायचं नाही. ते बरोबर उत्तरापेक्षा किती पटीने किंवा कितीच्या फरकाने चुकलंय ते काढायचं. चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो. कागदावरच्या गणितालाही हे लागू पडतं आणि मशीनवरच्या गेजलाही (दाब दाखवणाऱ्या डायललाही).

आधी बरोबर हिशोब एकदा मांडू. क्षेत्रफळ ०.७८५४ × ०.१ × ०.१ = ०.००७८५४ चौरस मीटर. पिस्टनचं वजन ४० × ९.८१ = ३९२.४ न्यूटन. भागाकार केला की जवळपास ५०,००० पास्कल, म्हणजे ५० किलोपास्कल. त्यात बाहेरच्या हवेचे १०० मिळवले की १५०. (०.७८५४ म्हणजे पायचा चौथा भाग. हा एक आकडा लक्षात ठेवला तर त्रिज्या काढावीच लागत नाही. व्यासाचा वर्ग करा, याने गुणा, झालं.)

आता चुकलेली उत्तरं घेऊ. पट मोजण्याआधी हवेचे १०० बाजूला काढा, कारण पट दिसते ती फक्त वजनाच्या हिश्श्यात. ११२.५ मधून १०० गेले, उरले १२.५, म्हणजे ५० चा बरोब्बर चौथा भाग. चौथा भाग दिसला की समजायचं, व्यासालाच त्रिज्या धरलंय. ३०० वाल्याचे उरतात २००, म्हणजे चौपट. याने त्रिज्या काढली आणि मग तीच व्यासाच्या सूत्रात घातली. १०५.१ मधले ५.१ हे ५० पेक्षा ९.८१ पटीने कमी आहेत, म्हणजे किलोचे न्यूटन केलेच नाहीत. आणि १००.०५ वाल्याचं गणित खरं तर बरोबर आहे. त्याने न्यूटनला चौरस मिलिमीटरने भागलं, उत्तर आलं ०.०५ मेगापास्कल, आणि ते तसंच किलोपास्कलमध्ये मिळवलं.

राहिलं ५०, आणि हे जरा फसवं आहे. हवेचा दाब विसरलात तरी ५० येतं, आणि हवा धरून चिन्ह चुकवलंत, म्हणजे १०० वजा ५० केलंत, तरी ५० च येतं. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. अशा वेळी पिस्टनचं वजन शून्य करून तीच मांडणी पुन्हा सोडवायची. बिनवजनाच्या पिस्टनखाली बाहेरच्या हवेइतकाच दाब हवा, म्हणजे १००. तुमच्या मांडणीने शून्य दिलं तर हवा विसरली आहे. १०० दिलं तर हवा धरलेली आहे, घोळ चिन्हात आहे. मी कुठल्याही मांडणीवर ही चाचणी आधी करून बघतो. दहा सेकंदांचं काम आहे.

चिन्ह का चुकतं? बहुतेक जण आकृती न काढता सूत्र लिहितात. सिलिंडर उलटा टांगलेला असेल, तोंड खाली आणि पिस्टन खालून वायूला धरून असेल, तर वजन पिस्टनला बाहेर ओढतं आणि बाहेरची हवा त्याला आत दाबते. तिथे आतला दाब खरोखरच १०० वजा ५०, म्हणजे ५० असतो. सिलिंडर आडवा असेल तर वजनाचा दाबाशी संबंधच उरत नाही. तिरका असेल तर वजनाचा अक्षाच्या दिशेतला भाग तेवढा घ्यायचा. म्हणून पिस्टनचं चित्र काढा आणि त्याला वरून कोण ढकलतंय, खालून कोण, एवढे बाण मारा. सूत्र त्या बाणांवरून लिहायचं.

हवा एवढी महत्त्वाची आहे का?

हा प्रश्न हमखास येतो, कारण हवेचं वजन कुणाला जाणवत नाही. याच पिस्टनवर हवा किती जोर लावते ते बघा: १,००,००० × ०.००७८५४ = ७८५ न्यूटन. म्हणजे ८० किलो वजन ठेवल्यासारखं. पिस्टन स्वतः ४० किलोचा, आणि त्याच्यावर बसलेली हवा त्याच्या दुप्पट! वरच्या उलट्या सिलिंडरला ८० किलोपेक्षा जड पिस्टन पेलताच येणार नाही, तो खाली पडेल. मग आत अगदी निर्वात पोकळी का असेना. १७१२ सालचं न्यूकमेनचं इंजिन याच जोरावर चालायचं. वाफ थंड करून पिस्टनखाली पोकळी करायची आणि पिस्टन खाली ढकलायचं काम हवेवर सोडायचं.

मात्र दर वेळी १०० किंवा १०१.३२५ मिळवायचंच असंही नाही, आणि खरा गोंधळ इथे होतो. गेज जो आकडा दाखवतं तो बाहेरच्या हवेच्या वरचा असतो. मोकळ्या पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या जोरांची बेरीज-वजाबाकी करायची असेल तर सगळे दाब गेजमध्ये धरा, हवा आपोआप कटते. पण वायूचं आकारमान, तापमान, घनता यांतलं काहीही हिशोबात आलं की दाब निरपेक्षच हवा, म्हणजे पूर्ण पोकळीपासून मोजलेला: गेजचा आकडा अधिक बाहेरची हवा. वायूच्या समीकरणाला तुमच्या गेजचा शून्य माहीत नसतो. गेजवर १ बार (म्हणजे १०० किलोपास्कल) दाखवणारा वायू निम्म्या जागेत सावकाश, तापमान न बदलू देता दाबला, तर गेजवर २ येणार नाही, ३ येईल. निरपेक्ष २ चे ४ झाले, त्यातला १ हवेचा.

उंचीवर काम असेल तर १०० हा आकडाही तपासा. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हवेचा दाब साधारण ७० किलोपास्कलच असतो.

एककांवर मी फार थांबत नाही. यंत्राच्या कामात न्यूटनला चौरस मिलिमीटरने भागा, उत्तर थेट मेगापास्कलमध्ये येतं, दहाने गुणलं की बार. मीटरमध्ये बदलणं, मागचे सहा शून्य मोजणं, काही लागत नाही. जुन्या डायलवर ‘किलो’ असतं ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर. असा १ किलो म्हणजे ९८ किलोपास्कल, बारपेक्षा दोन टक्क्यांनी कमी. डायलच्या काट्यावर तेवढा फरक वाचताही येत नाही, तेव्हा ‘पाच किलो दाब आहे’ म्हटलं की पाच बार धरून पुढे चला. फक्त त्याला ९.८१ ने पुन्हा गुणू नका.

पिस्टन मोकळा आहे ना?

पट जुळत नाही, फरकही ओळखीचा नाही, तर आकड्यांत शोधणं थांबवा आणि पिस्टनकडे बघा. ‘वजन भागिले क्षेत्रफळ, अधिक हवा’ हे मोकळ्या पिस्टनपुरतंच खरं. तो कशावर टेकला असेल, कशाला अडला असेल, तर ते टेकण सुद्धा जोर लावत असतं आणि तो जोर किती हे तुम्हाला आधी माहीत नसतं.

तोच पिस्टन घ्या, आता सिलिंडरच्या आतल्या कडेवर टेकलेला. आत १०० किलोपास्कलची हवा, २७ अंश सेल्सिअसला. ती १२७ अंशांपर्यंत तापवली. दाब किती? बरेच जण डोळे झाकून १५० लिहितात. पण पिस्टन उचलायला १५० लागतात, आणि तिथवर वायू पोचला का, हेच तर बघायचंय. पिस्टन हलला नाही असं धरा: आकारमान तेच, तापमान ३०० केल्विनचं ४०० झालं, दाब १०० चा १३३.३ झाला. १५० पेक्षा कमी. म्हणजे पिस्टन कडेवरच बसून आहे आणि उत्तर १३३.३ आहे. तो उचलला जाईल ४५० केल्विनला, म्हणजे १७७ अंशांना. तिथून पुढे कितीही तापवा, दाब १५० वरच राहील आणि पिस्टन वर वर सरकत जाईल. (केल्विन न करता १२७ भागिले २७ केलं तर दाब ४७० येतो. शंभर अंशांनी तापवलेल्या हवेचा दाब जवळपास पाचपट? एवढ्यावरूनच शंका यायला हवी.)

अडलेल्या पिस्टनची पद्धत एकच. आधी तो हलला नाही असं धरून वायूच्या नियमाने दाब काढायचा, मग तो उचलण्याच्या दाबाशी ताडून बघायचा. वरच्या बाजूला अडथळा असेल तर नेमकं उलटं: आधी हलला असं धरा, आकारमान काढा, आणि ते अडथळ्यापर्यंतच्या जागेपेक्षा जास्त येत असेल तर पिस्टन अडला म्हणायचं.

आणखी एक विचारणा नेहमीची: ‘हवेच्या जागी दुसरा वायू भरला तर दाब बदलेल का?’ मोकळ्या पिस्टनखाली नाही. पिस्टनला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही.

स्प्रिंग असली की लोक बिचकतात, खरं तर ती अडथळ्यापेक्षा सोपी. आपल्या पिस्टनच्या वर एक स्प्रिंग आहे, सुरुवातीला नुसती टेकलेली, ताठरपणा २० न्यूटन प्रति मिमी. वायू तापून पिस्टन ५० मिमी वर गेला. स्प्रिंगचा जोर १००० न्यूटन, भागिले ७८५४ चौरस मिमी, म्हणजे १२७.३ किलोपास्कल. शेवटचा दाब १५० अधिक १२७.३, म्हणजे २७७.३. चूक होते ती दोन ठिकाणी. स्प्रिंग कुठून टेकली ते न बघता पिस्टनचं पूर्ण सरकणं तिच्या नावावर घालतात. नाहीतर कार्य काढताना शेवटचाच दाब धरतात. स्प्रिंगबरोबर दाब सरळ रेषेत वाढतो, म्हणून कार्याला सरासरी दाब घ्यायचा: २१३.६५ किलोपास्कल गुणिले वाढलेलं आकारमान ०.०००३९२७ घनमीटर, उत्तर ८३.९ ज्यूल. याचा पडताळा मला फार आवडतो. हे ८३.९ गेले कुठे? हवा मागे ढकलण्यात ३९.३, पिस्टन उचलण्यात १९.६, स्प्रिंग दाबण्यात २५. बेरीज करा, ८३.९. ती जमली की दाबही बरोबर आहे याबद्दल निश्चिंत राहा.

दाब हळूहळू उतरतोय, म्हणजे गळती?

इथे मी स्वतः फसलोय. एका छोट्या सिलिंडरची हवा भरून चाचणी चालली होती. हाताने दट्ट्या झपकन दाबून हवा निम्म्या जागेत कोंबायची, पिन घालून अडकवायचा आणि गेज बघायचं. काटा दीड बारच्या आसपास गेला आणि तिथून उतरायला लागला. सील (दट्ट्याभोवतीची फट बंद करणारी कडी) गळतंय म्हणून सील बदललं. तेच. दुसरं सील, कडेला नीट ग्रीस लावून. पुन्हा तेच, काटा पुन्हा एक बारच्या जवळ येऊन थांबलेला. ‘थांबलेला’ हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात शिरला असता तर दोन सीलं वाचली असती. गळती असती तर काटा एकवर कशाला थांबेल? तो शून्याकडे जात राहील.

झालं होतं ते असं. झपकन दाबलेली हवा तापते. उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असं धरलं, तर निम्म्या जागेत दाब २ पट नाही, २ चा १.४ वा घात (१.४ हा हवेचा ठरलेला आकडा), म्हणजे २.६४ पट होतो. १०० चे २६४ निरपेक्ष, गेजवर १.६४ बार. तापमान २७ अंशांवरून १२३ च्या आसपास. मग हवा भिंतींना उष्णता देऊन गार होते आणि आकारमान तेच असल्याने दाब २०० निरपेक्षवर, म्हणजे गेजवर १ बारवर येऊन ठेपतो. माझ्या गेजवर १.६४ न दिसता दीडच दिसलं, कारण दाबता दाबताच थोडी उष्णता गेली होती.

तेव्हा उतरणारा काटा दिसला की सील काढू नका. ठरावीक वेळाने आकडे लिहा. आधी भरभर आणि मग मंदावत जाऊन काटा सावकाश दाबण्याच्या उत्तरावर थांबला तर ती नुसती उष्णता. धातूच्या लहान सिलिंडरात हा खेळ काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात आटोपतो. त्या उत्तराच्याही खाली गेला तर साबणाचं पाणी घ्या आणि बुडबुडे शोधा. बाकी गणितात १.४ लावायचा की नाही, याचाही निकाल इथेच लागतो: हालचाल झटक्यात झाली असेल तर लावा, रेंगाळत झाली असेल तर नाही. ‘सिलिंडर उष्णतारोधक आहे’ असं प्रश्नात लिहिलेलं असेल तर सावकाश असली तरी लावा. ‘सावकाश’ शब्द वाचून तापमान स्थिर धरण्याची घाई अशा वेळी नडते.

तेलाच्या सिलिंडरवर गेज आणि गणित जुळत नाही

हायड्रॉलिकमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: ‘पंप २०० बारचा आहे, मग गेज १०० च का दाखवतंय?’ पंप दाब देत नसतो, तो तेल देतो. दाब तयार होतो तो समोरच्या विरोधातून. भार जेवढा मागेल तेवढाच दाब चढणार. २०० हा आकडा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणारा) उघडण्याचा, आणि तो गेजवर दिसायचा तर पिस्टन कुठेतरी अडायला हवा.

आकडे घेऊ. बोअर ५० मिमी, रॉड (पिस्टनला जोडलेला, बाहेर येणारा दांडा) ३६ मिमी, सिलिंडर उभा, रॉड वर, त्यावर २० किलोन्यूटन भार. पिस्टनचं पूर्ण क्षेत्रफळ १९६३.५ चौरस मिमी. ढकलायला २०,००० भागिले १९६३.५, म्हणजे १०२ बार. तोच भार ओढायचा असेल तर रॉडच्या बाजूची फक्त कडी कामाला येते: ९४५.६ चौरस मिमी, दाब २११.५ बार. रॉड वजा करायला विसरणं ही इथली ‘चौथा भाग’वाली चूक. गेज हिशोबाच्या जवळपास दुप्पट दाखवत असेल तर आधी तेल कुठल्या बाजूला जातंय ते बघा.

फरक बारीक असेल, चार-पाच बारचा, तर घर्षण. ते मोजता येतं. भार सावकाश वर नेताना सिलिंडरच्या तोंडाशी आकडा घ्या, मग सावकाश खाली आणताना. समजा १०६ आणि ९८ आले. मधला आकडा १०२ हा भाराचा, दोन्हींच्या फरकाचा निम्मा, ४ बार, हा सीलच्या घर्षणाचा. जोरात सांगायचं तर ०.४ × १९६३.५, साधारण ७८५ न्यूटन. वर जाताना घर्षण भाराच्या बाजूने असतं, खाली येताना आपल्या. त्यामुळे एकाच दिशेचा आकडा घेऊन भार काढलात तर तो जास्त किंवा कमी येणारच. रॉडच्या बाजूचं तेल परत जाताना अडत असेल तर तेही धरा: तिथले ५ बार खालच्या बाजूला साधारण २.४ बार म्हणून दिसतात. आणि गेज पंपापाशी असेल तर नळीतला विरोधही त्यातच आला. तेल थांबलेलं असताना आणि वाहताना, असे दोन आकडे घ्या.

याच क्षेत्रफळांच्या फरकातून एक धोका तयार होतो आणि तो गेजवर दिसतच नाही, कारण रॉडच्या बाजूला बहुतेक वेळा गेज बसवलेलंच नसतं. वेग आवरायला रॉडकडून बाहेर पडणारं तेल पूर्ण आवळलं आणि खालून १५० बार दिले, तर भार नसताना रॉडच्या बाजूला १५० × १९६३.५ ÷ ९४५.६, म्हणजे ३११ बार चढतात. २५० ची नळी लावलेली असेल तर ती का फुटली, याचा शोध लोक पंपाकडे घेत बसतात.

तिसरी तक्रार: ‘दोन्ही तोंडं बंद आहेत तरी भार हळूहळू खाली येतो, पिस्टनचं सील गेलंय.’ जरा थांबा. रॉडच्या बाजूलाही तेल भरलेलं आहे, बाहेर कुठे गळती नाही, आणि पिस्टनचं सील अगदी काढूनच टाकलं असं समजा. खालचं तेल वर जाईल, पण वर तेवढी जागा कुठे आहे? रॉड आत शिरेल तशी त्याची जागा तेलालाच द्यावी लागते आणि तेल तर दबत नाही म्हटलं तरी चालेल. मग होतं काय, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि भार पेलायला उरतं फक्त रॉडचं क्षेत्रफळ: १०१७.९ चौरस मिमी. दाब १०२ वरून १९६.५ बारवर जातो आणि भार किंचित खाली येऊन थांबतो. म्हणजे सील गेल्याची खूण गेजवर आहे: भार तोच, दाब जवळपास दुप्पट. दाब १०२ च्या आसपासच आहे आणि भार उतरतच चाललाय, तर तेल व्हॉल्व्हमधून पळतंय. मात्र रॉडची बाजू टाकीकडे उघडी असेल तर हा तर्क लागू नाही, तिथे सील गेलं की भार खरंच उतरतो.

बंद कोंडलेलं तेल उन्हात तापलं तरी दाब चढतो, आणि चांगलाच. ढोबळमानाने अंशाला दहा बार. सकाळी बरोबर असलेला आकडा दुपारी पळालेला दिसला तर आधी ऊन बघा.

दोन किरकोळ गोष्टी. पिस्टनचा तळ तिरका कापलेला असेल तर त्या तिरक्या पृष्ठाचं वाढीव क्षेत्रफळ घेऊ नका. दाब त्या पृष्ठाला काटकोनात लागतो, अक्षाच्या दिशेत तो सिलिंडरच्या छेदाइतकाच उरतो. आणि दोन वेगळ्या व्यासांचा जोडपिस्टन असेल तर मधल्या पायरीवर बाहेरची हवा लागते, ती निरपेक्ष दाबाच्या मांडणीत विसरायची नाही. गेजमध्ये मांडलं तर तो प्रश्नच येत नाही.

इंजिनचं कॉम्प्रेशन

शेवटची तक्रार. कॉम्प्रेशन रेशो ९, म्हणजे पिस्टन तळाला असतानाची जागा वर असतानाच्या नऊपट, मग टेस्टरवर (स्पार्क प्लगच्या जागी लावायच्या गेजवर) किती यायला हवं? कुणी ९ म्हणतं. १.४ चा घात लावणाऱ्याला २१.७ निरपेक्ष, गेजवर २०.७ बार मिळतात, आणि टेस्टरवर ११-१२ बघून तो इंजिन उघडायला निघतो. थांबा, पेट्रोल इंजिनाला हे चांगलं आहे. तापमान स्थिर धरलं तर ८, उष्णता अजिबात गेली नाही असं धरलं तर २०.७, खरा आकडा या दोघांच्या मध्येच पडणार. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) पिस्टन तळाला पोचून परत फिरल्यावर बंद होतो, म्हणजे दाबायला मिळतं ते पूर्ण आकारमान नसतंच. स्टार्टरवर इंजिन सावकाश फिरतं, भिंती उष्णता खातात, पिस्टनच्या रिंगांतून (कडेची फट बंद करणाऱ्या कड्यांतून) थोडं निसटतं.

म्हणून इथे गणिताशी तुलना करू नका, शेजारच्या सिलिंडरशी करा. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा फिरवा. काटा वर आला तर रिंगा. हलला नाही तर व्हॉल्व्ह. आणि शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (इंजिनचं ब्लॉक आणि वरचं झाकण यांच्यातली सीलची पट्टी).